यादीतलं नाव

माझ्या बाबांचं नाव यादीत आलं, धाकट्या काकांचं आलं नाही. दोघे सख्खे भाऊ, एकाच पाड्यात, एकाच चुलीवर वाढलेले. माझ्या आयुष्यात पुढे जे जे बरं झालं त्याचा माग काढत मागे गेले, की दर वेळी मी त्या यादीपाशी येऊन थांबते.

आमचं गाव नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या धडगाव तालुक्यात, नर्मदेच्या काठाला होतं. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतली मिळून ३३ गावं आली, त्यांतलं एक. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाचा निवाडा १९७९चा. ज्या खातेदाराची पाव हिश्श्याहून जास्त जमीन जाईल, त्याला किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन द्यायची, असं त्यात लिहिलेलं आहे. पण मुळात खातेदार असायला सातबारा हवा. आजोबांच्या माघारी नदीकाठच्या शेताला थोरला म्हणून एकट्या बाबांचं नाव लागलं. काका वरच्या अंगाला नेवाड कसत होते. ती जमीन जंगल खात्याची, त्यामुळे कागद काहीच नाही.

तरीही प्रकल्पग्रस्तांच्या यादीसाठी मोजणी झाली तेव्हा काका गावात असते तर कदाचित निभावलं असतं. त्या वर्षी ते ऊसतोडीला गुजरातेत गेले होते. बाबाही जायचेच, पण लाकूड फोडताना कुऱ्हाड पायावर आली आणि ते खाटेवर पडले. साहेब लोक आले तेव्हा घरात बोलायला बाबा होते, काकांच्या झोपडीला झाप लावलेला होता. बाबा ‘घोषित’ झाले, काका ‘अघोषित’ राहिले. आमच्या खोऱ्यात आजही प्रकल्पग्रस्तांची ओळख अशीच सांगतात. त्या जखमेमुळे बाबा जन्मभर थोडे लंगडत चालले, आणि त्याच जखमेमुळे मी शिकले.

आम्ही तळोदा तालुक्यातल्या पुनर्वसन वसाहतीत आलो तेव्हा मी कडेवर होते. पहिले दिवस पत्र्याच्या शेडमध्ये गेले. उन्हाळ्यात आत बसवत नसे. आजी नदीसाठी, मोहाच्या झाडांसाठी, मासोळीसाठी रडायची, आणि ते रडणं खरं होतं. आम्हाला काही फुकट मिळालं असं कोणी म्हटलं तर मला आजही राग येतो. पण हेही खरं, की वसाहतीत शाळा होती, दारावरून एसटी जात होती, आणि आजारी पोराला तासाभरात तळोद्याला नेता येत होतं. एका पावसाळ्यात मला हगवण लागली, डोळे खोल गेले. बाबांनी मला एसटीत घातलं, सलाईन लागलं, मी वाचले. त्याच पावसाळ्यात वरच्या पाड्यावर काकांचं धाकटं मूल हगवणीनेच गेलं. खाली तळोद्याकडे उतरणारा चांदसैलीचा घाट दरड पडून बंद होता. घाट उघडा असता तरी झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणायलाच अर्धा दिवस लागला असता.

धरणाची उंची वाढत गेली तसे काका वर वर सरकत गेले. २००६ साली उंची १२१.९२ मीटरवर पोचली, २०१७ साली १३८.६८ मीटरवर. मधल्या काळात सागाचे खांब उपटायचे, खांद्यावरून चढावर न्यायचे, पुन्हा रोवायचे, हेच त्यांचं घर बांधणं.

काकांची मुलगी माझ्याच वयाची. ती नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळेत शिकली. होळीला आम्ही वर जायचो तेव्हा दोघी मोहाच्या टोळंब्या मांडून हिशेब करायचो. मी बोटं मोजायची, तेवढ्यात तिचं उत्तर आलेलं असायचं. पुढे तोडीवर गेल्यावर तिने मुकादमाची वही न बघता आपल्या कोयत्याची उचल किती फिटली हे तोंडी सांगून त्याला गप्प केलं, ही गोष्ट आमच्या नातेवाइकांत सगळ्यांना ठाऊक आहे. ती चौथी झाली आणि पुढची शाळा डोंगराखाली होती, तिथे ठेवायला कोणी नव्हतं. मला ठेवायची गरजच पडली नाही, मी घरूनच चालत जायची.

दहावीनंतर वर्गशिक्षकांनी माझा वसतिगृहाचा अर्ज स्वतःच्या हाताने भरला. नर्सिंगला प्रवेश मिळाला तो प्रतीक्षा यादीतून. माझ्या वरच्या एका मुलीने जागा सोडली म्हणे. का सोडली, तिचं लग्न ठरलं की पैसे जमले नाहीत, मला माहीत नाही. जात पडताळणीला १९५०च्या आधीचा पुरावा मागतात. आमच्याकडे पुनर्वसनाची जाडजूड फाईल होती, तिच्यात आजोबांच्या जमिनीचा जुना उतारा निघाला. ज्याचं घर वाहून गेलं नाही पण ज्याच्याजवळ फाईलही नाही, अशा माझ्या कितीतरी भाऊबंदांची मुलं त्याच टेबलापाशी अडली.

पण मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट रक्ताची आहे.

आमच्या पावरा आणि भिल्ल समाजात सिकलसेल पुष्कळ आहे. नर्सिंगला असताना विद्राव्यता चाचणी शिकवली. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, थोडं थांबायचं, आणि नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरायची. रेघा दिसल्या तर बरं, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर पुढची तपासणी. शिकायला रक्त हवं म्हणून आम्ही एकमेकींचं घेतलं. माझ्या नळीतून रेघा दिसेनात. पुढच्या तपासणीत कळलं, मी वाहक आहे. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास होत नाही. नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर मात्र दर बाळंतपणाला चारांत एक शक्यता, की मूल आजार घेऊन येईल. हे कळल्यावर मी घरी स्पष्ट सांगितलं, मुलगा कोणताही बघा, आधी त्याचं रक्त तपासायचं. नात्यात कुरबुर झाली. बाबा माझ्या बाजूने उभे राहिले. ज्यांच्याशी लग्न झालं त्यांची नळी स्वच्छ निघाली. माझी दोन्ही मुलं धडधाकट आहेत.

काकांच्या मुलीचं, माझ्या बहिणीचं लग्न माझ्या आधी झालं. तिला कोण सांगणार होतं? तिचा पहिला मुलगा वर्षाचा होत आला तेव्हा त्याच्या हातापायांची बोटं सुजली, रात्र रात्र कळवळायचा. आधी बडव्याकडे, म्हणजे भगताकडे नेलं, मग ताप समजून गोळ्या दिल्या. शेवटी होडीतून, मग जीपमधून ती त्याला घेऊन माझ्याकडे आली. दारातच मी त्याचा हात हातात घेतला. फुगलेली, ताणून चकाकणारी ती बोटं पुस्तकातल्या चित्रासारखी होती. तपासणीचा कागद यायच्या आधी मला कळलं होतं. दोघांचं रक्त तपासलं, दोघे वाहक.

आता तो हायड्रॉक्सीयुरियावर आहे, शाळेत जातो, थंडीत आणि पाणी कमी प्यायलं की त्रास होतो. २०२३मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम काढली, आमच्याकडे तपासण्या वाढल्या, हे फार चांगलं झालं. पण मी वाहक आहे हे मला कुठल्या मोहिमेतून कळलं नाही. वर्गात शिकायला रक्त कमी पडलं, म्हणून कळलं.

गेल्या ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, एका आश्रमशाळेत मला बोलायला बोलावलं होतं. सूत्रसंचालकाने माझी ओळख करून दिली: जिद्द, चिकाटी, प्रतिकूल परिस्थितीवर मात. समोर सहावी-सातवीच्या मुली पाय दुमडून बसलेल्या. मी कष्ट केले नाहीत असं नाही. रात्रपाळ्या केल्या, दिव्याखाली अभ्यास केला. पण जिद्दीनेच सगळं होतं असं मी त्या पोरींना सांगितलं असतं, तर त्यांच्यातली जी उद्या घरी परत जाईल ती स्वतःलाच दोष देत जाईल. म्हणून मी त्यांना बाबांच्या पायाची गोष्ट सांगितली, प्रतीक्षा यादीतल्या त्या मुलीची सांगितली, आणि अर्ज भरायला कोणाकडे जायचं, कोणते दाखले आत्तापासून जमवायचे ते सांगितलं. कार्यक्रमानंतर मुलींनी मला घेरलं, ते सगळं दाखल्यांविषयी विचारायला.

हे मी बहिणीला पावरीत सांगितलं. शेवटी म्हणाले, “नशीब बघ, तुझ्या जागी मी असते.”

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “नशीब कशाला म्हणते? तुझ्या बाबाला जमीन मिळाली ती त्याच्या हक्काची. माझ्या बाबाला मिळाली नाही, ती कोणी तरी दिली नाही. यात नशीब कुठे आलं?”

मला उत्तर सुचलं नाही. रक्ताच्या बाबतीत तिचं म्हणणं लागू पडत नाही, तिथे कोणाची चूक नाही. तरी लग्नाआधी तपासणी होणं न होणं, हे तर माणसांच्याच हातातलं. घाटातली दरड वेळेवर उचलणं, चौथीच्या पुढची शाळा डोंगरावर असणं, मोजणीच्या वेळी बंद झापाकडे बघून “हा माणूस कुठे गेला?” असं शेजाऱ्याला विचारणं, हेही. मी ज्याला इतकी वर्षं माझं नशीब म्हणत आले, त्यातलं बरंचसं माझ्या बहिणीचं येणं होतं.

तेव्हापासून कामं थोडी बदलली आहेत. वरच्या पाड्यांवर लग्नाआधीच्या तपासणीचं शिबिर असलं की मी तिला सोबत घेते. चारांत एक म्हणजे काय, हे ती बायकांना माझ्यापेक्षा चांगलं समजावते. आणि हेही पहिल्या झटक्यालाच सांगते, की दर खेपेला शक्यता नव्याने तेवढीच, एक मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली असं समजायचं नाही.

तिच्या भावाची मुलगी यंदा दहावी झाली. तिच्या जातीच्या दाखल्यासाठी मी बाबांची फाईल काढली. माझे आजोबा ते तिचे पणजोबा, त्यामुळे तोच उतारा तिलाही चालतो, फक्त वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. ते झालं, दाखला हातात आला. मुलीला लॅब टेक्निशियन व्हायचं आहे. त्यासाठी विज्ञान शाखा घ्यावी लागेल, म्हणून शहाद्यात वसतिगृह बघतो आहोत.

काकांच्या घोषित होण्याचा अर्ज मात्र अजून चालू आहे. त्या वर्षी ते गावचेच होते, फक्त तोडीला गेले होते, असा जबाब द्यायला दोन म्हातारे तयार आहेत. दोघांना ऐकू कमी येतं, पण आठवण पक्की आहे. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची आहे. तेव्हा काकांना होडीने आणायचं की मोलगीवरून जीपने, एवढंच ठरायचं बाकी आहे.