आधी प्रश्न, मग तपासणी

लघवीची तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या हातात बहुधा जाड फाइल असते. सोनोग्राफी, पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी), रक्ताचे रिपोर्ट, सगळं असतं. नसते ती मला सर्वांत आधी हवी असलेली तीन दिवसांची नोंद: किती वाजता, किती मिली लघवी झाली आणि पाणी-चहा किती प्यायला. त्यासाठी मापाचा मग आणि वही पुरते. रात्री चारदा उठावं लागतं ते मूत्राशयात लघवी मावत नाही म्हणून, की रात्री ती तयारच जास्त होते म्हणून? हे ती वहीच सांगते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

जळजळ होत असेल, उन्हाळी लागली असेल, तर लघवीची रुटीन तपासणी आणि गरजेनुसार कल्चर करतात. सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी, तीही अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी. गोळी आधी पोटात गेली, तर जंतू असूनही कल्चरमध्ये न वाढण्याची शक्यता असते.

धार बारीक झाली असेल, तर युरोफ्लोमेट्री. यंत्राला जोडलेल्या नरसाळ्यात नेहमीसारखी लघवी करायची. सेकंदाला किती मिली वेग आहे त्याचा आलेख निघतो. किमान 150 मिली लघवी झाली नाही, तर त्या आलेखावर विसंबता येत नाही. पुरुषांत सर्वाधिक वेग 15 च्या वर असेल तर सहसा चिंता नसते. 10 च्या खाली गेला तर अडथळ्याची शंका येते. मागे किती लघवी उरली, ते लगेच सोनोग्राफीत पाहतात.

इथेच घाई नडते. वेग कमी असणं म्हणजे प्रोस्टेटचाच अडथळा, असं नाही. तरुणांत मूत्रमार्ग आकसलेला असू शकतो. तो मार्गात औषध सोडून काढलेल्या एक्स-रेत दिसतो. जुन्या मधुमेहात मूत्राशयाचा स्नायूच दुबळा झालेला असू शकतो. अशी शंका असेल तेव्हा युरोडायनॅमिक तपासणी लागते. एक बारीक नळी मूत्राशयात, दुसरी गुदाशयात ठेवून मूत्राशय हळूहळू भरतात आणि दाब मोजतात. दाब जास्त, धार कमी, तर अडथळा. दोन्ही कमी, तर स्नायू दुबळा. स्नायूच दुबळा असेल, तर प्रोस्टेटच्या ऑपरेशनचा फायदा मर्यादित राहू शकतो. ही तपासणी सर्वांना लागत नाही, पण जिथे लागते तिथे तिला पर्याय नाही.

आता लघवीतलं रक्त. ते दुखत नाही आणि एकदा दिसून आपोआप थांबतं, म्हणून माणसं निर्धास्त होतात. माझी सर्वाधिक काळजी याच माणसांची असते, त्यातही तंबाखू-सिगारेट ओढणाऱ्यांची. धूम्रपान हे मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण आहे. लहान किंवा चपटी गाठ सोनोग्राफीतून निसटू शकते. अशा वेळी दुर्बिणीनं, म्हणजे सिस्टोस्कोपीनं, आतून पाहावंच लागतं. जर्मन डॉक्टर माक्स निट्झे यांनी 1877 मध्ये दाखवलेली दुर्बीण ताठ धातूची होती. आज लवचीक दुर्बीण मूत्रमार्गात बधिर करणारी जेली सोडून काही मिनिटांत आत पाहून येते. तिच्या भीतीनं महिने दवडू नयेत.

तपासणी लिहून मिळाली की डॉक्टरांना जरूर विचारा: यातून नेमकं काय कळणार आणि त्यानं उपचार बदलणार का? चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो. उत्तर ‘हो’ असेल, तर मग तपासणी टाळू नका.