सीटी स्कॅन नॉर्मल आहे, मग मूल पूर्वीसारखं का नाही?

खेळताना डोक्याला मार लागलेल्या मुलाला घेऊन पालक दवाखान्यात येतात, तेव्हा त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "डॉक्टर, सीटी स्कॅन करायचा का?" आणि "रविवारी मॅच आहे, तोवर बरा होईल ना?" तिसरा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही: पुढचे काही आठवडे या मुलाचे दिवस कसे जाणार? आज त्याबद्दल बोलू.

कन्कशन म्हणजे काय?

साध्या भाषेत, मेंदूला बसलेला मुका मार. डोक्यावर किंवा अंगावर जोराचा आघात झाला की कवटीच्या आत मेंदूला हिसका बसतो. पेशींमधल्या क्षारांचं संतुलन बिघडतं. ते सावरायला जास्त ऊर्जा लागते आणि नेमकी त्याच वेळी ती कमी पडते. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि हाडाची मोड दाखवतो, पेशींच्या कामातला हा बिघाड दाखवत नाही. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल" याचा अर्थ "मोठा धोका दिसत नाही" एवढाच घ्यायचा, "काही झालेलंच नाही" असा नाही.

बेशुद्ध पडलं तरच कन्कशन, हाही गैरसमज आहे. बहुतेक मुलं शुद्धीतच असतात. हेल्मेटमुळे कवटी वाचते, पण आतला हिसका पूर्णपणे टळत नाही. त्रास उशिरानेही सुरू होऊ शकतो. डिसेंबर 2020 मध्ये कॅनबेराच्या टी-20 सामन्यात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला. तो डाव संपेपर्यंत खेळला आणि त्यानंतर त्याला चक्कर आल्यासारखं वाटू लागलं. त्याच्या जागी चहल आला आणि आपण सगळे टीव्हीसमोर नियमावरून वाद घालत बसलो. आयसीसीने हा बदली खेळाडूचा नियम 2019 मध्ये आणला. गल्लीतल्या आणि शाळेतल्या मैदानावर मात्र तो अजून पोहोचलेला नाही.

घरात काय घडतं?

माझ्याकडे अकरावीतली एक कबड्डीपटू आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). पकड करताना समोरच्या खेळाडूचा गुडघा तिच्या कानशिलावर लागला. रिपोर्ट नॉर्मल आला. दोन आठवडे झाले तरी डोकं जड, वर्गातल्या आवाजाने मळमळ, रात्री झोप नाही. वाचलेली ओळ पुढच्या ओळीपर्यंत लक्षात राहीना. आई हळूच म्हणाली, "घरातले म्हणतात, अभ्यास चुकवायला नाटक करतेय."

डोकेदुखीबद्दल सांगताना ती मुलगी शांत होती. "मैत्रिणी सरावाला बोलवत नाहीत आता," हे सांगताना मात्र रडली.

जीवनमान, म्हणजेच क्वालिटी ऑफ लाइफ, हा शब्द मोठा वाटतो. मुलांच्या बाबतीत त्याचे चार साधे भाग असतात: शरीर, मन, मित्रमंडळी आणि शाळा. कन्कशन या चारही ठिकाणी एकदम घाव घालतं, आणि पायाच्या प्लास्टरसारखं ते कुणाला दिसत नाही. प्लास्टर पाहून लोक बसायला जागा देतात. या मुलांच्या वाट्याला संशय येतो.

वडिलांना निवड चाचणीची काळजी होती. मी नाही म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही, आणि मला त्यांचा राग समजत होता, कारण मुलीची तीन वर्षांची मेहनत त्यात होती. पण न भरलेल्या मेंदूला दुसरा मार बसला तर त्रास लांबतो, आणि क्वचित मेंदूला सूज येऊन जीवावर बेतू शकतं. चाचणी हुकली. सहाव्या आठवड्यात मुलगी पूर्ण बरी झाली. हुकलेल्या चाचणीचं दुःख मात्र कुठल्याच गोळीने जात नाही, ते घरच्यांनी ऐकून घ्यावं लागतं.

ऑस्ट्रेलियाच्या विल पुकोव्हस्कीने जानेवारी 2021 मध्ये सिडनीला आपल्याविरुद्ध पदार्पणात 62 धावा केल्या. तो त्याचा एकमेव कसोटी सामना ठरला. डोक्याला वारंवार मार बसल्यामुळे 2025 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी त्याला निवृत्त व्हावं लागलं. थकवा, डोकेदुखी आणि चक्कर अजून होते, असं त्यानेच सांगितलं. सगळ्यांचं असं होत नाही. बहुतेक मुलं चार आठवड्यांत बरी होतात. पण घाई कुणाला महागात पडेल, हे आधी कळत नाही.

काय करावं?

- शंका आली तरी मूल लगेच मैदानाबाहेर. त्या दिवशी पुन्हा खेळ नाही.
- पहिले 24 ते 48 तास घरात हलका वावर आणि मोबाइल कमी. अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवू नका. तपासणीनंतर धोक्याची लक्षणं नसतील तर झोपू द्या.
- त्यानंतर रोज थोडं चालणं. डोकं किंचित दुखलं तर चालेल, जास्त वाढलं तर त्या दिवसापुरतं थांबा.
- आधी शाळा, मग खेळ. सुरुवातीला अर्धा दिवस, मध्ये विश्रांती, परीक्षेत जादा वेळ. त्यासाठी डॉक्टरांकडून शाळेला चिठ्ठी मागून घ्या.
- खेळात परतणं टप्प्याटप्प्याने: चालणं, धावणं, एकट्याचा सराव, धक्काबुक्की नसलेला सराव, मग डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस.
- सराव बंद असला तरी मुलाला संघासोबत बसू द्या. गुण लिहू दे, पाणी देऊ दे. संघ तुटला की मूल जास्त खचतं.

ताबडतोब रुग्णालयात न्या: वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातापायात अशक्तपणा, मानेत तीव्र वेदना, जागं करूनही जागं न होणं, बोलण्यात गोंधळ, नाकाकानातून पाणी किंवा रक्त.

चार आठवड्यांनंतरही त्रास असेल, किंवा मूल गप्प गप्प, उदास राहत असेल, तर पुन्हा दाखवा. मानेचे व्यायाम, तोल सावरण्याचे व्यायाम आणि समुपदेशन यांचा उपयोग होतो.

आज रात्री जेवताना मुलाला "डोकं दुखतंय का?" एवढंच विचारू नका. "झोप लागते का, वर्गात लक्ष लागतं का, मित्र भेटतात का, मन कसं आहे?" हेही विचारा. आणि उत्तर आलं की त्यावर विश्वास ठेवा.