भीमेच्या उगमाकडे, सायकलीवरून

मार्गशीर्ष लागला की चाकणच्या पहाटेत गारवा उतरतो. नव्या मोटारी वाहून नेणाऱ्या ट्रेलरांची वर्दळ वाढण्याआधीच काही सायकली राजगुरुनगरकडे निघतात. तेथून रस्ता पश्चिमेस वळतो. चासकमान जलाशयाची सोबत घेत, वाडा गावावरून डोंगर चढू लागतो. तळेघर मागे पडले की धुके दाटते, हँडलवरची बोटे बधिर होतात आणि भीमाशंकर अभयारण्याचे रान दोन्ही बाजूंनी जवळ येते.

१९८५ साली घोषित झालेल्या, सुमारे १३१ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू नांदतो. उंच फांद्यांत काटक्या-पानांची घरटी बांधून तो झाडावरूनच झाडावर झेपावतो. जमिनीवर क्वचितच उतरतो. म्हणून फांद्यांचे छत्र तुटले की त्याची वाटच तुटते. मग त्याला रस्त्यावर यावे लागते आणि भरधाव चाकापुढे त्याचा जीव टांगणीला लागतो.

सायकलस्वाराला त्याची हाक ऐकू येते आणि वेळीच थांबताही येते. खाऊ न टाकता, गोंगाट न करता, सूर्यास्तापूर्वी रानाबाहेर पडावे. एवढी जीवदया प्रत्येक प्रवाशाला सहज पाळता येण्याजोगी आहे.