कॉम्प्युटर घ्यायचा, पण कोणता?

परवा नातीने विचारले, ‘‘आजी, मला लॅपटॉप घ्यायचा की टॅब्लेट? तू सांग.’’ ती दहावीला आहे आणि तिच्या आईबाबांचे यावर एकमत होत नाही. म्हणून प्रकरण माझ्या कोर्टात आले. मला हसू आले, कारण अगदी हाच खटला आमच्या घरात १९९७ साली उभा राहिला होता. तेव्हा वादी होती नातीची आई, म्हणजे माझी लेक.

लेकीला त्या वर्षी बंगळूरमध्येच इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला होता. मल्लेश्वरमच्या आमच्या भाड्याच्या घरात आम्ही सहाजण. सासूबाई, सासरे, हे, मी, लेक आणि आठवीतला धाकटा. हे एका सरकारी कारखान्यात. पगार वेळेवर, पण बेताचा. कॉलेजात कॉम्प्युटरचा तास आठवड्यातून दोनदा, आणि एका यंत्रापुढे दोघी-तिघी. लेक घरी येऊन वहीत प्रोग्रॅम लिहायची आणि मग तो बरोबर की चूक हे कळायला पुढच्या तासापर्यंत थांबायची. ‘‘आई, हे म्हणजे पाटावर बसून पोहणं शिकण्यासारखं आहे गं,’’ असे ती म्हणाली, तेव्हा मी भाजी चिरायची थांबले.

पैसे नव्हते असे नाही. पोस्टातली पाच वर्षांची आवर्तक ठेव त्याच सुमारास पिकली होती. दरमहा पाचशे रुपये काटकसरीने बाजूला टाकलेले, व्याजासकट जवळपास ४१ हजार झाले होते. पण ते पैसे लेकीच्या बांगड्यांचे होते. ‘‘कॉम्प्युटर जुना झाला की भंगार, सोनं जुनं झालं तरी सोनंच,’’ असे सासूबाईंनी स्पष्ट सांगितले. त्यांचे काही चुकत नव्हते. माझ्या लग्नातल्या पाटल्यांनी आमची दोन आजारपणे निभावली होती.

चार दिवस घरात कोणी मोकळेपणी बोलेना. शेवटी ह्यांनीच तोंड उघडले. ‘‘अगं, बांगड्या तिच्या हातासाठीच ना? मग तिलाच विचारू.’’ लेकीने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, ‘‘मला कॉम्प्युटर हवा.’’ सासूबाई उठून देवघरात गेल्या.

कॉम्प्युटर घ्यायचा हे ठरले, पण खरा घोळ पुढेच होता. कोणता घ्यायचा? बंगळूर म्हणजे कॉम्प्युटरचे गाव. पुण्यात १९८१ साली सुरू झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये इकडे आली, १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली, आणि मग गल्लीत प्रत्येकाचा एक भाचा किंवा जावई ‘कॉम्प्युटरमध्ये’ निघायला लागला. गणेशोत्सवात गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात गेलो, तर आरतीनंतर प्रसाद घेता घेता पाच जणांनी पाच सल्ले दिले. पुण्याचे भावजी छापखान्याच्या व्यवसायातले. त्यांनी फोनवर ठणकावले, ‘‘वहिनी, घ्यायचा तर मॅकिंटॉश. बाकी सगळा खुळखुळा.’’ समोरच्या घरातल्या काकांचे म्हणणे, नामांकित कंपनीचाच घ्यावा, वॉरंटी मिळते. धाकट्याला मित्राच्या घरचा सिंक्लेअर स्पेक्ट्रम हवा होता, कारण त्यावर खेळ होते आणि तो दोन हजारांत मिळत होता!

मी कॉम्प्युटर शिकलेली नव्हे. पण घरात वस्तू आणायची तर तिची कुळकथा माहीत करून घ्यायची, ही माझी सवय. लेकीला समोर बसवून सगळे समजून घेतले. ते थोडक्यात सांगते, कारण आजही ते उपयोगी पडते.

घरगुती कॉम्प्युटरची सुरुवातीची जत्रा मोठी रंगीबेरंगी होती. सिंक्लेअर स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ हे दोन्ही १९८२ चे. घरच्या टीव्हीला जोडायचे आणि टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून प्रोग्रॅम भरायचा. तो भरला जाताना किर्र-कर्र असा आवाज येई, की मांजर घाबरून पळावे. आपल्या सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ नावाची योजना काढली, तेव्हा त्यात बीबीसी मायक्रो हा एकॉर्न या ब्रिटिश कंपनीचा कॉम्प्युटर होता. या प्रत्येकाची भाषा वेगळी आणि भाग वेगळे. एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालायचा नाही. कंपनी बसली की यंत्र अनाथ! कमोडोर कंपनी १९९४ मध्ये खरोखरच दिवाळ्यात निघाली. धाकट्याचा स्पेक्ट्रम तिथेच बाद झाला.

आयबीएमने १९८१ मध्ये आपला पीसी काढला तो मात्र निराळ्या पद्धतीने. घाई होती, म्हणून बाजारात मिळणारे भाग घेऊन जोडला. प्रोसेसर इंटेलचा, चालवणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टची. त्यामुळे थोड्याच वर्षांत दुसऱ्यांनाही तसाच पीसी बनवता येऊ लागला. प्रेशर कुकरची रबरी रिंग जशी कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात मिळते, तसे त्याचे भाग जगभर मिळू लागले. अ‍ॅपलचा मॅकिंटॉश १९८४ मध्ये आला. चित्रे, माउस, सगळे देखणे. छापखान्यांना तो आवडला यात नवल नाही. पण यंत्रही त्यांचेच आणि प्रणालीही त्यांचीच. बिघडला तर त्यांच्याच दारात जायचे. किंमत ऐकून मी भावजींना म्हटले, ‘‘तुमचा सल्ला सोन्यासारखा आहे, पण इथे सोनं मोडूनच घ्यायचाय.’’

राहिले दोन पर्याय. कंपनीचा पीसी किंवा भाग जोडून घेतलेला, ज्याला सगळे ‘असेम्बल्ड’ म्हणतात. कंपनीच्या पीसीची किंमत आम्हाला साठ हजारांच्या पुढे सांगितली. तसाच असेम्बल्ड चाळीसच्या आत बसत होता. फरक वीस हजारांचा, म्हणजे ह्यांचा कित्येक महिन्यांचा पगार. मी म्हटले, चला एसपी रोडला.

बंगळूरचा एसपी रोड, म्हणजे सदर पत्रप्पा रोड, ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. टाउन हॉलच्या मागच्या बाजूला, सिटी मार्केटच्या गर्दीत, खिंडीसारख्या गल्ल्या. एका दुकानात स्क्रू, दुसऱ्यात तारा, तिसऱ्यात कॉम्प्युटरचे भाग भाजीसारखे मांडलेले. ‘‘बन्नी अम्मा, बन्नी’’ असे म्हणत दुकानदार बोलावत होते. लोकांनी आधीच सावध केले होते, की इथे कमी वेगाच्या प्रोसेसरवर जास्त वेगाचा शिक्का मारूनही विकतात. म्हणून मी एकच हट्ट धरला. किराणा घेताना लिहितो तशी प्रत्येक वस्तूची यादी पावतीवर हवी. प्रोसेसर कोणता, मेमरीच्या पट्ट्या किती, डिस्क केवढी, मॉनिटर कोणाचा. दुकानदार कंटाळला, पण त्याने लिहून दिले. पेंटियम १३३, मेमरी चार-चार मेगाबाइटच्या चार पट्ट्या, एकूण १६. सगळे मिळून ३९ हजार. ऑटोत मॉनिटर मांडीवर घेऊन मी घरी आले, तान्ह्या बाळाला आणावे तशी.

खंडेनवमी तोंडावर होती. इकडे आयुधपूजेला यंत्रे, वाहने, हत्यारे सगळी पूजतात. सासूबाईंनी एक शब्दही न बोलता कॉम्प्युटरला हळदकुंकू लावले आणि झेंडूची माळ घातली. पदराने डोळे टिपले की चष्मा पुसला, ते मला कळले नाही.

आठवड्याने एक गंमत लक्षात आली. त्या काळी कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर आकडे भराभर पळायचे आणि थांबायचे. मी चहाचा कप घेऊन लेकीशेजारी बसत असे. मी विचारले, ‘‘काय गं, हा रोज आठ हजार एकशे ब्याण्णववरच का थांबतो?’’

‘‘आई, ती मेमरी मोजतो. एक मेगाबाइट म्हणजे एक हजार चोवीस किलोबाइट...’’ एवढे बोलून ती थांबली. कागद ओढला, गुणाकार केला. एक हजार चोवीस गुणिले आठ. बरोबर आठ हजार एकशे ब्याण्णव! सोळाचे तर सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी व्हायला हवे होते.

ह्यांनी पेचकस आणला. झाकण उघडले. चार खाचांपैकी दोन भरलेल्या, दोन रिकाम्या. आमचे निम्मे पैसे त्या रिकाम्या खाचांत असल्यासारखे मला वाटले. सासूबाईंना काय सांगायचे?

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन दुकान गाठले. आधी तो म्हणाला, तुमच्याच घरी कुणी तरी काढल्या असतील. मग म्हणाला, पट्ट्या महाग झाल्या आहेत, ‘‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, अम्मा.’’ थोडे सांभाळून घ्या! मी पावती काउंटरवर ठेवली आणि माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असे वाचायला लागले. तिसऱ्या ओळीवर यायच्या आत दोन पट्ट्या माझ्या हातात होत्या. त्या लेकीने स्वतः घरी बसवल्या. आकडे पळत सोळा हजारांवर गेले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासरेबुवांनीसुद्धा.

त्या दिवशी मला असेम्बल्डचे खरे मोल कळले. तो उघडता येतो. काय आहे आणि काय नाही ते डोळ्यांनी दिसते, आणि एक भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. पुढच्या सात वर्षांत त्याचा वीजपुरवठ्याचा डबा दोनदा बदलला, डिस्क एकदा, कीबोर्ड तीनदा. वीज जायची म्हणून यूपीएस घ्यावा लागला, तो खर्च आधी धरलाच नव्हता. हा धडा विसरू नका. यंत्राची किंमत म्हणजे खर्चाचा शेवट नव्हे.

माझी एक मोठी चूकही सांगते. १९९९ मध्ये मी मराठी टंकलेखन शिकले आणि आईच्या हातच्या पाककृती त्यावर उतरवल्या. कडबोळी, सांदण, मिरगुंडं, साठ-सत्तर तरी होत्या. २००४ मध्ये नवा कॉम्प्युटर आला आणि त्या उघडल्या, तर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हे! त्या काळी मराठीचा प्रत्येक फाँट आपापल्या सांकेतिक भाषेत लिहायचा. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, पण ती सोय विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर हळूहळू घरोघर पोचली. तोवर आई गेली होती. नशीब, की मी त्यांची छापील प्रत काढून ठेवली होती. नाही तर कोणाला विचारले असते?

बंगळूरने स्वतःचाही एक कॉम्प्युटर काढून पाहिला. भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोअर कंपनीचे अभियंते यांनी मिळून हातात मावणारा ‘सिम्प्यूटर’ रचला. २००१ मध्ये तो लोकांपुढे आला, २००४ मध्ये ‘अमिडा’ नावाने बाजारात आला. कमी शिकलेल्यालाही वापरता यावा, भारतीय भाषेत बोलावा, ही कल्पना किती चांगली! खप मात्र अपेक्षेइतका झाला नाही. पण आज माझ्या पर्समधला फोन पाहिला, की तो आठवतो. त्यात आणखी एक मौज आहे. शाळांतला बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीनेच १९८५ मध्ये एआरएम नावाचा प्रोसेसर तयार केला. त्याच्याच वंशातला प्रोसेसर सिम्प्यूटरमध्ये होता आणि आजच्या फोनांतही आहे. २०२० पासून तर अ‍ॅपलचे नवे मॅकही त्याच घराण्याचे झाले. यंत्रे गेली, पण वंश राहिला.

आमचा तो पेंटियम २००४ मध्ये भंगारात गेला. सासूबाई तोवर होत्या. ‘‘मी म्हटलं होतं,’’ असे त्या म्हणतील अशी मला भीती होती. पैशाच्या हिशेबाने त्याच बरोबर ठरल्या, सोने त्यानंतर किती पटींनी वाढले ते तुम्ही जाणताच. लेकीच्या लग्नात तिच्या हातात मी घालू शकले त्या दोनच बांगड्या, त्याही माझ्याच. ते मनाला लागले, नाही म्हणणार नाही. पण सासूबाईंनी भंगारवाल्याला डबा देण्याआधी लेकीकडून त्यातली मेमरीची एक पट्टी काढून घेतली आणि देवघराच्या खणात ठेवली. का, ते विचारायचे धाडस मला झाले नाही.

तेव्हा नातीला मी काय सांगितले? म्हटले, आधी काम ठरव, मग यंत्र. नुसते वाचायचे, पाहायचे असेल तर टॅब्लेट पुरे. लिहायचे, प्रोग्रॅम करायचे तर कीबोर्डाचा लॅपटॉप. उद्या मेमरी वाढवता येते का, बॅटरी बदलता येते का, दुरुस्तीवाला जवळ आहे का, आणि आपले लिखाण दुसऱ्या यंत्रावर उघडेल का, हे चार प्रश्न विचार. मित्रमैत्रिणींकडे काय आहे हा पाचवा प्रश्न विचारू नकोस.

‘‘आणि घ्यायला मीही येणार,’’ मी म्हटले.

‘‘आजी, हल्ली पडद्यावर आकडे पळत नाहीत.’’

‘‘नसू देत. सेटिंगमध्ये मेमरीचा आकडा दिसतो ना? तो मी पावतीशी ताडून बघणार.’’