ऱ्हाइन आणि एन्नोरची खाडी

समकालीन पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास हा विषय आपल्या विद्यापीठांतून अनेक वर्षे शिकविला जात आहे. हुसर्ल, हायडेगर, सार्त्र ही नावे विद्यार्थ्याला परीक्षेपुरती पाठही होतात. तथापि ‘समकालीन’ या विशेषणातील काळ नेमका कोणाचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मद्रास विद्यापीठात २०१४ साली एम.ए.च्या वर्गात दाखल झालेल्या एका विद्यार्थ्याला तो विचारावा लागला. कारण तो एन्नोरला राहत होता.

एन्नोर हे चेन्नईच्या उत्तर टोकाचे उपनगर. कोसस्थलैयार नदी तेथे खाडीच्या रूपाने समुद्राला मिळते. त्या खाडीच्या परिसरात १९७० पासून कोळशावर चालणारे औष्णिक वीजकेंद्र उभे होते. विद्यार्थ्याचे घराणे तंजावरी मराठी. वडील त्याच केंद्रात पाळीने काम करीत. घरातील मराठी स्वयंपाकघर, देवघर आणि सणवार यांच्यापुरती उरलेली. रस्त्यावरची भाषा तमिळ. आणि वर्गात जर्मन ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे. रोज सकाळी लोकलने तो शहरात येई आणि चेपॉकला उतरे. चेपॉकजवळचा बकिंगहॅम कालवाच उत्तरेकडे एन्नोरच्या खाडीला जाऊन मिळतो, हे त्याला ठाऊक होते. पण वर्गातील विषयाशी त्याचा काही संबंध असेल, असे त्याच्या मनात आले नव्हते.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस हायडेगरचे तंत्रविद्येवरील व्याख्यान अभ्यासाला आले. हे व्याख्यान १९५३ साली म्युनिक येथे दिलेले. त्यात ऱ्हाइन नदीचे उदाहरण आहे. जुना लाकडी पूल नदीवर बांधलेला असतो. जलविद्युत् केंद्राच्या बाबतीत मात्र नदीच केंद्रात बांधली जाते. ती वाहते, परंतु आता केवळ पाण्याचा दाब पुरविणारी म्हणून. आधुनिक तंत्रविद्या निसर्गाला हुकमी साठ्याच्या रूपात पाहते, आणि या दृष्टीतून अखेर माणूसही सुटत नाही, असे हायडेगरचे प्रतिपादन आहे.

विद्यार्थ्याला प्रथमच आपण एखादा ग्रंथ वाचत नसून ओळखत आहो, असे वाटले. त्याने उत्साहाने निबंध लिहिला आणि ऱ्हाइनच्या जागी कोसस्थलैयार ठेवली. प्राध्यापकांनी समासात एकच प्रश्न लिहिला: ‘दोन नद्यांमध्ये फरक काहीच नाही काय?’

त्या रात्री त्याने निबंधाचा आशय वडिलांना आपल्या तोकड्या मराठीत सांगितला. वडील शांतपणे म्हणाले, “तो तुझा जर्मन पंडितही दिव्याखालीच वाचत असेल ना? आणि तुझी फी कशातून भरली?” विद्यार्थ्याजवळ उत्तर नव्हते. ज्या केंद्राविरुद्ध तो लिहीत होता, त्याच केंद्राच्या पगारावर तो लिहावयास शिकला होता.

पुढच्या रविवारी तो खाडीवर गेला. गुडघाभर पाण्यात उभे राहून हातांनी कोळंबी चाचपणारे लोक त्याने लहानपणापासून पाहिले होते. आता तो त्यांच्याजवळ जाऊन बसला. पाणी कोठे ऊन लागते, राखेचा थर कोठे साचतो, कोळंबी कोठून नाहीशी झाली, हे ते बोटाने दाखवीत होते. हायडेगरच्या ऱ्हाइनवर पूल आहे, वीजकेंद्र आहे, कवी आहे, प्रवासीही आहेत. मासे धरणारा कोणी नाही. ‘माणूस’ साठा होतो असे म्हणताना, वीज कोणाकडे जाते आणि राख कोणाजवळ राहते, ही विचारणा तेथे नाही. एन्नोरला ती टाळता येत नाही.

दुसऱ्यांदा लिहिताना त्याने इतिहासही नीट वाचला. हायडेगरने ‘अस्तित्व आणि काल’ हा ग्रंथ १९२७ साली गुरू हुसर्ल याला अर्पण केला होता. १९३३ साली तो नाझी पक्षाचा सभासद झाला. १९४१ च्या आवृत्तीतून ती अर्पणपत्रिका गळाली. जन्माने यहुदी असलेल्या हुसर्लला यूरोपीय विज्ञानांच्या अरिष्टावरील लेखनाचा आरंभीचा भाग १९३६ साली जर्मनीबाहेर, बेलग्रेडच्या नियतकालिकात छापावा लागला. ज्याने नदीबद्दल इतके सूक्ष्म पाहिले, त्याला शेजारचा माणूस दिसला नाही. हे समजल्यावर हायडेगरचा प्रश्न विद्यार्थ्याला टाकून द्यावासा वाटला नाही. तो अपुरा मात्र वाटला.

दुसऱ्या निबंधात वडिलांचा प्रश्नही होता आणि कोळंबी धरणाऱ्यांचाही. दोहोंचा मेळ त्याला घालता आला नव्हता, आणि तसे त्याने प्रामाणिकपणे लिहिले होते. या वेळी समासात काही लिहिलेले नव्हते. प्राध्यापकांनी तो निबंध वर्गात वाचून दाखविला.

२०१७ साली ते केंद्र बंद झाले. तरीही खाडीची सुटका झाली नाही: डिसेंबर २०२३ च्या वादळानंतर पुराबरोबर तेल आले आणि खाडीभर पसरले. तोवर तो विद्यार्थी स्वतः शिकवू लागला होता. ‘समकालीन’ म्हणजे काय, असे विचारणाऱ्या मुलांना तो सनावळी सांगतो, आणि मग विचारतो, “तुमच्या गावची नदी कोणती?”