मझागानची हिरवळ आणि हम्मामचे पाणी

मोरोक्कोत कासाब्लांकापासून साधारण शंभर किलोमीटरवर, अटलांटिकच्या काठी अल जदीदा हे शहर आहे. पोर्तुगीज त्याला मझागान म्हणत. हे नाव ऐकून मुंबईकराला माझगाव आठवल्याशिवाय राहत नाही. १७६९ मध्ये पोर्तुगीज येथून गेले. पुढे वस्ती पुन्हा उभी राहिली आणि तिला अल जदीदा, म्हणजे ‘नवी’, हे नाव मिळाले. जुने नाव आता शहराबाहेरच्या एका आलिशान रिसॉर्टला आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या या रिसॉर्टमध्ये आम्ही तीन रात्री राहिलो. सोबत अम्मी आणि दोन्ही मुली होत्या.

जागा सुमारे अडीचशे हेक्टर. समोर लांबच लांब वाळूचा किनारा आणि गॅरी प्लेअर यांनी आखलेले अठरा होलचे गोल्फ मैदान. देश मुस्लिम असला तरी येथे कॅसिनो आहे, मद्यही मिळते. कुटुंबासह जाणाऱ्यांनी हे आधी माहीत करून घ्यावे. तिकडे न फिरकताही दिवस आनंदात जातो. मुली वाळूत रमल्या. असरनंतर अम्मी खुर्ची टाकून लाटा पाहत बसायच्या.

स्पामधले मुख्य आकर्षण म्हणजे हम्माम. आधी वाफेत बसायचे, मग ऑलिव्हचा काळा मऊ साबण लावायचा, ‘केस्सा’ या खरखरीत हातमोज्याने अंग घासून घ्यायचे आणि शेवटी ‘घासूल’ मातीचा लेप. अम्मींचे गुडघे त्या ऊबेने मोकळे झाले. पण हीच आंघोळ गावातल्या मोहल्ल्यात अगदी थोड्या पैशांत होते. तिथे बायका बादल्या भरून घेतात, एकमेकींची पाठ चोळतात, सुखदुःख बोलतात. ज्यांच्या घरी गरम पाण्याची सोय नाही, त्यांच्यासाठी हम्माम चैन नव्हे, गरज आहे.

म्हणूनच पुढची गोष्ट मनाला लागते. सलग काही वर्षे पाऊस कमी झाल्याने २०२४ च्या सुरुवातीला मोरोक्कोतील अनेक शहरांत हम्माम आठवड्यातून तीन दिवस बंद ठेवण्याचे आदेश निघाले. तिथे अंग चोळून देणाऱ्या बायकांची रोजी त्या दिवसांवर होती. दुसरीकडे गोल्फच्या हिरवळीला तर पाणी लागतेच. यावर मार्गही आहे: मराकेशमध्ये सांडपाणी शुद्ध करून ते गोल्फ मैदानांना दिले जाते.

अल जदीदाच्या जुन्या किल्ल्यात जमिनीखाली पोर्तुगीजांचे पाण्याचे टाके आहे. वेढा पडला तर पाणी हाताशी असावे म्हणून ते राखलेले. दगडी खांब, छतातल्या गोल झरोक्यातून येणारा उजेड आणि खालच्या पातळ पाण्यात त्याचे प्रतिबिंब! २००४ पासून हा किल्ला जागतिक वारसा यादीत आहे. रिसॉर्टमध्ये उतरणाऱ्यांनी एक सकाळ यासाठी जरूर राखावी.

आराम करणे गैर नाही. पण वाहत्या नदीकाठीसुद्धा वुजूला पाणी जपून वापरावे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. तेव्हा खोली ठरवताना भाडे आणि नाश्ता विचारतो, तसेच हिरवळीचे पाणी कुठून येते, हेही विचारायला काय हरकत आहे?