गळकी पिकअप

मंडळी, आजचा विषय जरा तेलकट आहे. हात पुसायला चिंधी जवळ असू द्या.

माझ्या पुतण्याकडे महिंद्राची २००४ सालची पिकअप आहे. चार सिलिंडरचं, अडीच लिटरचं साधं डिझेल इंजिन. पाटीवर एमएच ३७, म्हणजे १९९८ साली वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला त्यानंतरची गाडी. मानोऱ्याहून कारंजा, मंगरूळपीर, दिग्रस असं तिचं फिरणं. सोयाबीन, तूर, खताची पोती, रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेतल्या दुकानदारांचं सामान. तिच्यावर त्याच्या घरची चूल चालते. नव्या गाडीचा हप्ता काढून पाहिला, तो महिन्याच्या कमाईत बसेना. त्यात पंधरा वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांची पासिंगची फी १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढली, आणि पासिंग तर दरवर्षीच. तेव्हा आहे तीच गाडी नीट ठेवायची, एवढाच मार्ग.

आणि गाडी तर जागोजागी गळत होती! अंगणातल्या फरशीवर सकाळी रांगोळी घालावी तसे डाग. पुतण्याचं म्हणणं, "मोठेबाबा, जुनी गाडी म्हटली की गळणारच." मला हे पटत नाही. गळणं ही एक गोष्ट नाही, पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यातल्या काही चिंधीने पुसून सोडून द्याव्यात आणि एखादीपायी माणूस जातो.

म्हणून एका रात्री गाडीखाली वर्तमानपत्रं पसरली, चाकांच्या आतल्या बाजूलासुद्धा. कागदावर सगळं स्वच्छ वाचता येतं. काळा आणि बोटांना गुळगुळीत तो इंजिन ऑइलचा. जाड, गंधकासारखा उग्र वास येणारा तो गिअर ऑइलचा, ज्याला सगळे नव्वद नंबर म्हणतात. हिरवट पाणी ते कूलंट. डिझेलचा डाग वासावरूनच कळतो, आणि तो कागदावर दूरवर पसरत जातो. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या कागदावर एक फिकट, पाण्यासारखा डाग होता. पाणी वाळून जातं, हा सकाळपर्यंत ओलाच होता. ते ब्रेक ऑइल.

पुतण्याला विचारलं तर म्हणाला, "आठ दिवसांपासून डबी थोडी थोडी उतरते. रोज सकाळी टाकतो ना." दिवस सोयाबीनच्या हंगामाचे. एक दिवस गाडी उभी राहिली की भाडं दुसऱ्याला जातं, हे मलाही कळतं. पण संध्याकाळी परत येताना त्याच गाडीत मागे सोंगणीच्या बाया बसलेल्या असतात. मी किल्ली खिशात घातली. घरात थोडी बोलाचाली झाली. असो.

शाळेत पास्कलचा नियम शिकवताना मी सायकलच्या पंपाचं उदाहरण देत असे. इथे तो नियम उघडाच पडला होता. पायाने दिलेला दाब द्रव जसाच्या तसा चाकापर्यंत नेतो, कारण द्रव दाबला जात नाही. गळतीच्या वाटेने हवा शिरली की ती मात्र दाबली जाते, आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. शिवाय हे ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ जातीचं कोरडं ऑइल २०५ अंशांना उकळायला हरकत नाही, पण ओलावा मुरलेलं १४० अंशांनाच उकळलं तरी ते मापात बसतं. उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते, आणि वाफही दाबली जाते. म्हणजे रोज डबी भरत राहणं हा उपाय नव्हेच.

मिस्त्री माझाच जुना विद्यार्थी. चाकाचा ड्रम काढला तर व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्या झिजलेल्या आणि ब्रेकचे लायनर ऑइलने भिजलेले. लायनर त्याने पुसून परत बसवले नाहीत, दोन्ही बाजूंचे नवे घातले. नव्या वाट्यांना ब्रेक ऑइलच लावलं. तिथे डिझेल किंवा ग्रीस लागलं तर रबर फुगतं. मग एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली निपल सैल करायचं, असं करत हवा काढली. पेडल दाबायला मी बसलो होतो. माझ्या पायात अजून जोर आहे असं प्रमाणपत्र मिळालं.

डिझेलची भानगड मजेची होती. गाडी सकाळी लवकर सुरू होत नव्हती, अन् टाकीपासून फीड पंपापर्यंत कुठेही ओल नव्हती. मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, ही बाजू ओढते. हितं डिझेल भायेर येत नाही, हवा आत जाते." नळीला बारीक चीर होती. रात्रभरात डिझेल मागे उतरे आणि सकाळी पंप नुसती हवा ओढे. नळी बदलली, हातपंपाने हवा काढली, काम झालं. पंपाच्या पुढची बाजू उलट, तिथे डिझेल बाहेर येतं. नोझलच्या लोखंडी नळ्यांवर मात्र इंजिन चालू असताना हात फिरवायचा नाही. तिथला दाब इतका असतो की धार कातडी फोडून आत जाते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहायचं. जोडावरची तांब्याची वायसरं चपटी झाली होती. ती लाल होईस्तोवर तापवून थंड केली की तांबं पुन्हा मऊ होतं, आणि आपले जुने मिस्त्री तीच वापरत. आमच्या मिस्त्रीने नवी घातली.

कूलंट वॉटर पंपाखालच्या एका बारीक भोकातून ठिबकत होतं. पूर्वी कुणीतरी त्यावर एम-सील थापलेलं. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं! आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगकडे न जाता तिथून बाहेर यावं आणि मालकाला कळावं, यासाठी. ते बुजवणं म्हणजे ओरडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबणं. पंप बदलावा लागला. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा सल्लाही दोघांनी दिला. आपल्या भागात हळदीला काय तोटा! रस्त्यात अडकलात तर घरापर्यंत पोचायला ठीक, पण तोच गाळ पुढे रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. साधं बोअरचं पाणी भरत राहिल्यानेही तेच होतं, क्षार धरतात.

राहिलं इंजिन ऑइल. सगळं इंजिन काळं. मिस्त्रीने आधी ते धुऊन घेतलं. "गुरुजी, तेल कुठून पडते ते नका पाहू, कुठून निंगते ते पाहा." चालत्या गाडीत वारा तेल मागे आणि खाली नेतो, म्हणून डाग चेंबरखाली आणि दोष वरच्या टॅपेट कव्हरला, असं होतं. पॅकिंग बदलण्याआधी त्याने ब्रीदरची नळी काढून दाखवली. चिकट काजळीने जवळजवळ बंद. इंजिनातली वाफ बाहेर जायला वाट नसेल तर ती सील आणि पॅकिंगमधून तेल ढकलणारच. नळी साफ केली, टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, आणि निम्म्याहून जास्त ठिबकणं थांबलं. गेल्या पाच वर्षांत ते पॅकिंग तीनदा बदललं होतं, ब्रीदर एकदाही कुणी पाहिला नव्हता.

एक गळती तशीच ठेवली आहे. क्रँकच्या मागच्या सीलची. सील स्वस्त, पण तिथे पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लच प्लेटही आता आयुष्याच्या शेवटाला आली आहे, तेव्हा तूर निघाल्यावर दोन्ही कामं एकदमच करायची असं ठरलं. तोवर दर रविवारी दांडी काढून ऑइलची पातळी पाहायची आणि वहीत लिहायची. सील आणून ठेवलं आहे. पुतण्याने ते गोठ्यातल्या खिळ्याला टांगलं होतं. मिस्त्रीने येऊन काढलं. टांगल्याने रबराची कड वाकडी होते म्हणे. आता ते डबीत आडवं ठेवलं आहे, माझ्या पुस्तकांच्या कपाटात.